पोस्टकार्डाएवढी जमीन

दिवाळीच्या अंकात टायरांवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात नट-बोल्ट वाढल्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु या सदराचे नेहमीचे वाचक जाणतात की, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथपुढे उभे राहून ज्याचा जन्म गेला, त्याच्याकडून चकली-अनारशांच्या गोष्टी निघणार नाहीत. शिवाय यंदा आमच्या घरात गणपतीपासून दसऱ्यापर्यंत दुसरा विषयच नव्हता. चिरंजीवांच्या गाडीला नवे टायर कोणते घालायचे, या एका प्रश्नावर घरात तीन माणसे नि तीन पक्ष झाले होते.

चिरंजीव पुण्यात नोकरीला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्कोडाची ऑक्टेव्हिया आर. एस. ही गाडी जुन्या बाजारातून घेतली. दिसायला साधी, चार दारांची, सभ्य घरातली. पण बॉनेटखाली दोनशे तीस घोडे! माझ्या पहिल्या फियाटला चाळीसच्या आसपास होते, आणि त्यांतलेही काही चढावर बसून राहत. कोल्हापूरच्या माणसाला वेगवान चाकाचे वेड नवे नाही. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी बाहेर पडते, तेव्हा ती पाहायला अजूनही गर्दी लोटते. हुपरी रस्त्याला मोहित्यांचा रेसिंगचा ट्रॅक आहे. आमच्या गावचा कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत धावला. तेव्हा चिरंजीवांनी अशी गाडी घेतली याचे मला नवल वाटले नाही. आतून थोडा आनंदच झाला, पण तो घरात दाखवला नाही.

गणपतीला ते आले, तेव्हा गाडी हवा भरायला आमच्या वस्तादांकडे नेली. वस्ताद म्हणजे टायरवाले. तरुणपणी तालमीत होते, म्हणून वस्ताद. त्यांनी चाकाजवळ उकिडवे बसून टायरच्या खाचेत बोट घातले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "अण्णा, ह्यो टायर संपलाय. पावसात ह्याच्यावर भरवसा ठेवू नगा."

नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याच्या दृष्टीने टायर तिथे संपला. आमचा दोनवर होता. कायद्याने पास, पण पावसाने नापास. खाचा असतात त्या पाणी बाजूला काढण्यासाठी. तीन मिलिमीटरच्या खाली त्या गेल्या की पाणी निघेनासे होते आणि भरधाव गाडी रस्त्यावर न धावता पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखेच.

त्या रात्री जेवताना तीन पक्ष पडले. चिरंजीवांचा पक्ष असा की, टायर बदलायचेच आहेत, तर सतरा इंची चाके काढून अठरा इंची घालावी आणि त्यांवर शर्यतीतले मऊ, चिकट टायर चढवावे. पैसे कमी पडले, तर तूर्त पुढचे दोनच घ्यावे, कारण या गाडीला ओढ पुढच्या चाकांची. माझा पक्ष नेहमीचा, काटकसरीचा. एका दुकानात टणक, पुष्कळ वर्षे टिकणारा टायर जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळत होता. तिसरा पक्ष चिरंजीवांच्या आईचा. ती आमटी वाढता वाढता एवढेच म्हणाली, "मागं स्वस्तातले टायर कुणी आणले होते?"

माझा घास हातातच राहिला. सांगतो.

१९९२ चा ऑगस्ट. फियाटचे टायर गुळगुळीत झाले होते. एका व्यापाऱ्याकडे घासाघीस करून मी चार नवे टायर स्वस्तात मिळवले आणि फुशारकीने घरी आलो. टायर कोरे होते, पण नवे नव्हते. कित्येक वर्षे गोदामात पडून रबर कडक झालेले, वरून काळा रंग मारून चमकवलेले. टायर कधी बनला ते त्याच्या अंगावरच लिहिलेले असते, ही गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती, तरी त्या भावात मी पाहिली असती की नाही, शंकाच आहे. पुढच्याच आठवड्यात सासुरवाडीला रत्नागिरीस निघालो. शेजारी ही, हिच्या मांडीवर दीड वर्षाचे चिरंजीव. आंबा घाट उतरताना पाऊस कोसळत होता. एका वळणावर ब्रेक दाबला, चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. स्टिअरिंग पुरे वळवलेले आणि गाडी सरळच निघालेली. दगडी कठड्यावर आपटून थांबली. पलीकडे नुसते धुके होते. कोणाला खरचटलेही नाही. ही काही बोलली नाही. पोराला छातीशी धरून बसून राहिली. पुढे बत्तीस-तेहतीस वर्षांत तिने त्याबद्दल मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. तो त्या रात्री आमटीबरोबर वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गाडी आणि आत दोन माणसे मिळून पंधराशे किलो धरा. एका चाकावर पावणेचारशे. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन-अडीच किलो. भागाकार केला, तर एका टायरची जमिनीला टेकलेली जागा येते सुमारे दीडशे चौरस सेंटीमीटर. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खरी. पोस्टकार्ड चौदा सेंटीमीटर लांब नि नऊ रुंद, म्हणजे एकशे सव्वीस. तात्पर्य, एवढी मोठी गाडी जमिनीला चार पोस्टकार्डांएवढी धरून असते. दोनशे तीस घोड्यांची ओढ तेवढ्याच जागेतून जाते, ब्रेकही तेवढ्याच जागेतून लागतो. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती चौपट होते. ताशी शंभरावरून थांबणे हे पन्नासावरून थांबण्याच्या दुप्पट कठीण नव्हे, चौपट कठीण. तो कागद मी चिरंजीवांपुढे ठेवला. ते यंत्रशास्त्र शिकलेले आहेत. वाद घातला नाही.

मग आम्ही बापलेक टायरवरची अक्षरे वाचायला बसलो. वाचकहो, आपणही आपल्या गाडीशेजारी बसून वाचा. सोपे आहे. आमच्या टायरवर होते २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू. २२५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी, १७ म्हणजे चाकाचा इंचांतील व्यास. ९१ हा भाराचा आकडा, एका टायरला ६१५ किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसण्याची ताकद. महामार्गावर शंभराची मर्यादा असताना २७० कशाला, असे मीही विचारले. उत्तर असे की, हे अक्षर नुसत्या वेगाचे नाही, तो वेग नि त्यातली उष्णता सोसणाऱ्या बांधणीचे आहे. गाडी बनवणाऱ्याने जे अक्षर नि जो भार सांगितला, त्याच्या वर जावे, खाली येऊ नये. माझा स्वस्त टायर इथेच बाद झाला. त्यावरचे अक्षर दोन पायऱ्या खालचे होते.

चिरंजीवांची अठरा इंची चाकेही बाद झाली, आणि तीही आकड्यांनीच. २२५/४० आर १८ घातला, तर चाकाचा एकूण व्यास जेमतेम तीन मिलिमीटरने बदलतो, म्हणजे वेगाचा काटा फारसा चुकत नाही. परंतु भिंत ९० मिलिमीटर उरते. अकरा मिलिमीटर रबर गेले, त्या जागी लोखंड किंवा ॲल्युमिनियम आले. आमच्या गावचे पावसाळ्यातले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते अकरा मिलिमीटर किती मोलाचे, हे सांगायला नको. खड्ड्यात आदळून भिंतीला एकदा फुगा आला की तो टायर फेकूनच द्यावा लागतो.

राहिला प्रश्न मऊ टायरचा. काही टायरांवर झिजेचा आकडा असतो. २०० असला तर मऊ, लवकर झिजणारा, ५०० असला तर टणक. हा आकडा कंपन्या आपापल्या चाचणीवरून ठरवतात, म्हणून एका कंपनीचे टायर आपसांत ताडायला तो बरा, दोन कंपन्यांत नव्हे. शर्यतीच्या टायरबद्दल वस्तादांनी जे सांगितले, ते मला पटले. "शर्यतीत पाऊस आला की टायर बदलत्यात. कोरडं येगळं, वलं येगळं. तुमी काय आंब्याच्या घाटात थांबून बदलनार हाय का?"

खरेच आहे. आपल्याला एकाच टायरवर बारा महिने काढायचे असतात. खाशाबा जाधव तालमीच्या तांबड्या मातीत तयार झाले आणि १९४८ साली लंडनला त्यांना मॅटवर लढावे लागले. सहावे आले. मॅटचा सराव करून १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणले. पैलवान तोच, पण पायाखालचे काय आहे ते ओळखल्यावाचून पकड बसत नाही. आपल्या पायाखाली काय आहे? मे महिन्यात तापलेले डांबर आणि जून ते सप्टेंबर पाणी. तेव्हा टायर निवडायचा तो वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसासाठी, ओल्या घाटासाठी. उरलेले दिवस तो आपोआप सांभाळतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. वेगवान गाड्यांच्या टायरांना परदेशात 'समर टायर' म्हणतात. नाव ऐकून मला वाटले, हे पावसाला चालणार नाहीत. तसे नाही. युरोपात साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली थंडीचे टायर वापरावे म्हणतात, त्याच्या वरचे ते समर. आपला पाऊस कितीही कोसळला, तरी उबदारच. तेव्हा हे टायर आपल्याला चालतात. युरोपातल्या टायरवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी चिठ्ठीवर छापलेली असते, 'ए' सर्वांत चांगली. तो टायर तिकडे विकला जात असेल, तर ती श्रेणी पाहून घ्यावी.

टायर ठरला, पण मिळायला तीन आठवडे लागले. जून २०२० पासून परदेशी टायर आणायला सरकारी परवाना लागतो. त्यामुळे अशा मापांचा हवा तो टायर हव्या त्या दिवशी मिळेलच असे नाही. टायर आल्यावर मी पहिले काम केले ते चष्मा लावून चार आकडे शोधण्याचे. बाजूला डी. ओ. टी. या अक्षरांनंतरच्या मालिकेत शेवटचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२५ असेल, तर २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर काही महिन्यांचेच निघाले. आय. एस. आय. चा शिक्काही पाहिला. १९९२ साली न केलेले काम झाल्यावर थोडे हलके वाटले.

चारही घेतले. साठ हजारांच्या आसपास गेले. चिरंजीवांनी चाळीस घातले, वीस मी. दोनच घ्यायचे झाले असते, तर वस्तादांच्या मते ते मागे घालायला हवे होते, पुढे नव्हे. पुढचे चाक सुटले, तर माणूस वेग कमी करून सावरतो. मागचे सुटले, तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. बसवल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घेतली. हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरली. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे लागते, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या वंगणाचा अंश वर राहिलेला असतो. आम्हा फौंड्रीच्या शेजाऱ्यांना साच्याची ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दसऱ्याला हिने चारही चाकांना हळद-कुंकू लावले, खाली लिंबे ठेवली. दोन दिवसांनी परतीचा पाऊस सुरू झाला आणि त्यातच रत्नागिरीला तिच्या भावाकडे जायचे निघाले. चिरंजीव चालवत होते, मी शेजारी, ही मागे. आंब्याला धुके उतरले होते. माझे दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेले. एका वळणावर पुढचा टेंपो अचानक थांबला. चिरंजीवांनी ब्रेक दाबला, गाडीने नाक खाली घातले आणि टेंपोच्या चांगली दोन हात मागे सरळ रेषेत उभी राहिली.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. वायपर तेवढे चालू होते. मग मागून आवाज आला, "धरतात ना रे?"

"धरतात, आई," चिरंजीव म्हणाले.

मी काही बोललो नाही. साखरप्याला गाडी थांबवून तिघांनी चहा घेतला. त्याचे पैसे मात्र मी दिले.