‘चालतंय की!’

आपल्याकडे एक वाक्य फार लाडकं आहे. मेसच्या आमटीत मीठ कमी? चालतंय की. मोटरसायकलचा ब्रेक थोडा लूज? चालतंय की. ड्रॉइंग शीटवर सेंटर लाइन दोन मिलिमीटर सरकली? चालतंय की! बोलायला गोड वाक्य आहे, त्यात एक दिलदारपणाही आहे. पण हेच वाक्य मशीनपुढे उभं राहून कुणी म्हणू लागलं की छोट्या कंपनीचं दिवाळं तिथूनच सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

छोटी कंपनी म्हणजे कुठली? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, नाहीतर तिकडे भोसरी, सातपूर. कुठल्याही एमआयडीसीत आतल्या रस्त्याला वळा. एक शेड, तीन-चार सीएनसी, दोन जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वीस-पंचवीस माणसं. मालक बहुधा स्वतः टर्नर म्हणून सुरुवात केलेला. कॅम्पसला आलेल्या मोठ्या कंपन्यांचीच चर्चा आपण हॉस्टेलवर रात्र-रात्र करतो, पण आपल्यातले कितीतरी जण पहिला पगार अशाच शेडमध्ये घेणार आहेत. काहींच्या तर घरचीच शेड आहे. म्हणून हा विषय परक्याचा नाही.

आता कुणी म्हणेल, क्वालिटी वगैरे जपानी लोकांचं काम. मित्रहो, जरा इतिहास बघा. वॉल्टर शेवार्ट यांनी पहिला कंट्रोल चार्ट मांडला १९२४ साली, अमेरिकेत. डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्यानं १९५० ची. आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून खुद्द शेवार्ट भारतात आले होते १९४७-४८ मध्ये! म्हणजे विद्या आपल्या दारात वेळेवर आली होती. पुढे १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीने डेमिंग पारितोषिक मिळवूनही दाखवलं. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ ही सबब खोटी. जमतं. टिकत नाही, हे खरं दुखणं.

का टिकत नाही? थर्ड इयरच्या सुट्टीत मी एका छोट्या मशीन शॉपमध्ये चार आठवडे इन-प्लांट ट्रेनिंग केलं. ऑफिसात गणपतीच्या फोटोशेजारी आय.एस.ओ.चं सर्टिफिकेट, दोघांनाही हार. आणि मशीनजवळ इन्स्पेक्शन रजिस्टर. त्यात एका बोअरचं माप, दर दोन तासांनी : २५.०१०, २५.०१०, २५.०१०. आठवडाभर तेच! ऑडिटच्या आदल्या दिवशी तर एकच माणूस निळं आणि काळं अशी दोन पेनं घेऊन महिनाभराची पानं भरत बसला होता. मी ऑपरेटरकाकांना विचारलं तर ते हसून म्हणाले, “खरं लिहिलं की वर बोलावतात बाळा, खोटं लिहिलं की कोण विचारत नाही.”

माझ्या मते सगळ्या विषयाचं सार या एका वाक्यात आहे.

त्या खोट्या आकड्याने काय बिघडतं ते बघू. २५ एच ७ चा बोअर म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकूण २१ मायक्रॉनची जागा. समजा खरी मापं लिहिली : आठ वाजता २५.०१६, दहाला २५.०१३, बाराला २५.००९, दोनला २५.००६. चारही जॉब ओके आहेत. रिजेक्शन शून्य. पण आकडे ओरडून सांगतायत की बोरिंगचा इन्सर्ट झिजतोय, भोक लहान होत चाललंय आणि संध्याकाळपर्यंत गो गेज आत जाणार नाही. जॉब बाद होण्याआधीच ऑफसेट देता येतो किंवा इन्सर्ट बदलता येतो. शेवार्टच्या चार्टची गंमत हीच आहे. तो बाद माल शोधत नाही, बाद होणार आहे ते आधी सांगतो. रजिस्टरमध्ये २५.०१० ची माळ लावली की हा सांगणाराच मुका झाला.

अजून एक साधी गोष्ट. मशीनमधून काढलेला गरम जॉब लगेच मापला आणि तो खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर बिडाच्या २५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये पाच-सहा मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे टॉलरन्सचा चौथा हिस्सा नुसत्या घाईने खाल्ला. मायक्रोमीटर कितीही महागाचा घ्या, घाईला कॅलिब्रेशन नसतं.

आणि ‘नव्व्याण्णव टक्के बरोबर आहे ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. एका पार्टवर दहा ऑपरेशन्स असतील आणि प्रत्येक ऑपरेशन नव्व्याण्णव टक्के बरोबर असेल, तर शेवटी शंभरातले साधारण नव्वदच पार्ट चांगले निघतात. बाकीचे दहा? पहिल्या ऑपरेशनला सापडले तर गेलं ते कास्टिंग आणि थोडी मजुरी. शेवटी सापडले तर दहाही ऑपरेशन्सची मजुरी पाण्यात. आणि गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर सापडले तर डेबिट नोट, सॉर्टिंगला दोन माणसं पाठवा, आणि पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला. मोठी कंपनी असा धक्का पचवते. वीस माणसांच्या कंपनीचं निम्मं काम एकाच गिऱ्हाइकाचं असतं. ते गेलं की वीस घरांची चूल अडते. म्हणून ‘क्वालिटी छोट्यांना परवडत नाही’ हे वाक्य मला उलटं वाटतं. खराब माल खरा परवडत नाही तो छोट्यांनाच.

मालकांवरही सगळा राग काढून उपयोग नाही. बिलाचे पैसे नव्वद दिवस अडकलेले, बँकेचा हप्ता डोक्यावर, तिकडून फोनवर फोन, “माल कधी देताय?” मार्चअखेर तर विचारूच नका. अशा वेळी क्वालिटीला बसवलेला, शेडमध्ये सगळ्यात कमी पगाराचा डिप्लोमाचा पोरगा “साहेब, हे पाठवू नका” म्हणेल का? म्हणालाच तर टिकेल का? माझ्या मते कंपनीची खरी परीक्षा ऑडिटच्या दिवशी होत नाही. ती महिनाअखेरीला, गाडी दारात उभी असताना, या पोराच्या एका वाक्यावर होते. त्या दिवशी मालकाने एकदा जरी “जाऊ दे, चालतंय” म्हटलं, की भिंतीवरचं क्वालिटी पॉलिसीचं पोस्टर त्या क्षणी रद्दी झालं. माणसं पोस्टर वाचत नाहीत, मालकाचा चेहरा वाचतात.

छोट्या कंपनीची जमेची बाजूही हीच आहे. मालकाचा चेहरा रोज समोर असतो! मोठ्या कंपनीत जे सांगायला चार सर्क्युलर लागतात, ते इथे मालकाच्या एका कृतीने होतं. रोज सकाळी पाच मिनिटं त्याने लाल डब्यापाशी उभं राहावं आणि “कुणी केलं?” हा प्रश्न सोडून “कशाने झालं?” एवढंच विचारावं. पहिला जॉब पास झाल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, हा नियम स्वतःच्या घाईलाही लावावा. मशीन थांबवायचा हक्क ऑपरेटरला द्यावा, आणि त्याने थांबवलं तर त्याचा ओव्हरटाइम कापू नये. पार्ट उलटा बसणारच नाही असं फिक्स्चर करावं, म्हणजे नव्या माणसाची चूक होण्याआधीच अडते. कंत्राटी माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यांच्याबरोबर शिकवलेलंही जातं. म्हणून चांगला आणि बाद असे दोन नमुने मशीनजवळ टांगून ठेवावेत. यात महागडं काय आहे? काहीच नाही. नाहीतर ऑडिटनंतर नव्याचे नऊ दिवस, आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आता जरा आपल्या घरात डोकावू. खोटं रजिस्टर भरायची सवय कंपनीत लागते असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपली लॅब बघावी. मागच्या वर्षीच्या फाइलमधून रिझल्ट आधी घ्यायचा आणि त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागून बनवायची, ही कला इथे कोण शिकवतं? सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या एका खोलीत एक फाइल आणि भोवती दहा जण, हे त्या दोन पेनांच्या माणसाचंच बालपण आहे! आणि आदरपूर्वक सांगतो, यात सरांचाही वाटा आहे. ज्याचं खरं रीडिंग ग्राफवर बसत नाही त्याला ‘रिपीट’, आणि ज्याची रेघ सरळ त्याला दहापैकी नऊ. मग पोरं काय शिकणार? त्या ऑपरेटरकाकांनी सांगितलं तेच.

माझी मागणी छोटी आहे. वर्कशॉपमध्ये एक लाल डबा ठेवा. बाद झालेला जॉब लपवून भंगारात न टाकता त्यात टाकायचा, आणि का बाद झाला ते दोन ओळींत लिहायचं. जर्नलमध्ये ‘रीडिंग का चुकलं’ याला दोन मार्क ठेवा. विद्यार्थ्यांनीही एक करावं : निदान एका सेमिस्टरला, निदान एका प्रॅक्टिकलला, आलेला आकडा आला तसा लिहावा.

उद्या दारात गाडी उभी असताना आपल्यातल्याच कुणाला तरी “साहेब, हे पाठवू नका” म्हणायचं आहे. त्याची प्रॅक्टिस इथे फुकट होते.

— अंतिम वर्ष, मेकॅनिकल