मूल कोणाच्या हाती द्यावे?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सुरतेजवळ कोसाड येथे भाचीच्या घरी गेलो होतो. सुरतेहून भडोचच्या बाजूस जाणाऱ्या लोकल गाडीने उत्राण मागे टाकले की कोसाडचे छोटेसे स्टेशन लागते. पूर्वीचे हे गाव आता महानगरपालिकेत सामावले असून तेथील सरकारी इमारतींच्या वसाहतीत अनेक भाषा बोलणारी श्रमिक कुटुंबे राहतात. भाचीचे यजमान एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कामास असतात. त्यांना पाच वर्षांचा एकुलता मुलगा आहे. मूल दिसावयास गोजिरवाणे. परंतु हाक मारली तर वळून पाहत नाही, शब्द उच्चारीत नाही, डब्याचे झाकण जमिनीवर फिरवीत तासन्‌तास बसते. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासून ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले आहे.

रोज दुपारी भाची मुलास जवळच्याच एका केंद्रात नेत असे. वर्तनोपचाराने मुले बोलती करतो अशी पाटी तेथे होती. यजमानांच्या पगाराचा तिसरा हिस्सा त्या केंद्राच्या फीत जाई. आम्ही होतो त्या दिवशी तिने मुलाच्या चपला हातात घेतल्या मात्र, तो कपाटामागे जाऊन अंग चोरून बसला. आम्हांस ते बरे वाटले नाही.

“तेथे त्याच्याकडून काय करवून घेतात, बाळ?” आम्ही विचारले.

“ठाऊक नाही, मामा. दार लावून घेतात. आईबाप आत असले की मूल शिकत नाही, म्हणतात.”

“शिकविणाऱ्या बाईंचे शिक्षण कोणते?”

“भिंतीवर तीन प्रमाणपत्रं आहेत, काचेत बसवलेली. इंग्रजीत आहेत. मी कसं विचारणार, मामा? त्यांना राग आला नि पोराला काढून टाकलं, तर मी कुठं जाऊ?”

हे शेवटचे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. गावोगावच्या किती माता अशाच गप्प बसत असतील! म्हणून आज ह्या सदरात एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपले मूल ज्याच्या हाती द्यावयाचे त्यास ‘आपण कोण, आपणांस अधिकार कोणी दिला?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते आईबापांचे कर्तव्य आहे.

आपल्या धर्मग्रामात काय घडते ते पाहा. अनोळखी धर्मगुरू मिस्सा अर्पण करावयास आला तर तो आपल्या वरिष्ठांचे पत्र दाखवितो. तसा धर्मसभेचा नियमच आहे आणि त्यात कोणी अपमान मानीत नाही. लग्न ठरले की वधूवरांच्या बाप्तिस्म्याचे दाखले मागविले जातात. तेथेही कोणी रुसत नाही. प्रभू येशूने कुष्ठरोग्यास शुद्ध केले तेव्हा स्वतः प्रभूनेच त्यास याजकाकडे जाऊन दाखवावयास सांगितले, कारण ती साक्ष देण्याचा अधिकार याजकाचा होता. मग बोलू न शकणाऱ्या बालकाच्या बाबतीतच आपण संकोच का करावा? इतर मुले घरी येऊन ‘आज बाईंनी मारले’ असे सांगतात. ह्या बालकास तेही सांगता येत नाही.

अधिकाराची चौकशी न केल्याने केवढा अनर्थ होतो, ह्याचे उदाहरण ह्याच विषयाच्या इतिहासात आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेस प्रथम निराळे स्थान दिले. पुढे शिकागो येथे ब्रूनो बेटेलहाइम नावाचे गृहस्थ अशा मुलांच्या निवासी शाळेचे प्रमुख झाले. आईच्या थंड, प्रेमशून्य वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, असे त्यांनी १९६७ साली एक पुस्तक लिहून जगास सांगितले. मोठ्या विद्यापीठाचे नाव पाठीशी होते, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला आणि असंख्य मातांनी तो कलंक निमूटपणे वाहिला. १९९० साली ते वारल्यानंतर उघडकीस आले की त्यांची व्हिएन्नाची डॉक्टरेट मानसशास्त्राची नव्हतीच, ती सौंदर्यशास्त्रावरील प्रबंधासाठी होती. आपल्या शिक्षणाविषयी त्यांनी बरेच वाढवून सांगितले होते. मुलांना ते मारहाण करीत, असेही त्यांच्या शाळेतील काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले. आईच्या दोषाचा तो सिद्धांत विज्ञानाने केव्हाच टाकून दिला आहे. जन्मांध मनुष्यास पाहून, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले होते. प्रभूने दोघांसही दोषमुक्त केले. आमच्या भाचीस सासरच्या मंडळींकडून जे ऐकावे लागले, त्याचे उत्तर तेथेच आहे.

आता वर्तनोपचार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ह्या पद्धतीत शिकविण्याच्या गोष्टीचे लहान लहान तुकडे करतात. मुलास एक तुकडा साधला की लगेच त्याच्या आवडीचे काही देतात आणि आधाराचा हात हळूहळू काढून घेतात. मूल डोके आपटू लागले तर आधी काय घडले होते आणि आपटल्यावर त्यास काय मिळाले, ह्याची नोंद ठेवून कारण शोधतात. समजा, शेजारच्या यंत्राचा आवाज त्यास सहन होत नाही. तर ओरडून वा डोके आपटून जे तो सांगतो, तेच चित्राच्या कार्डाने वा हाताच्या खुणेने सांगावयास शिकवितात. नीट केले तर हे काम बारकाईचे, चिकाटीचे आणि प्रेमाचे आहे.

परंतु अजाण हाती हेच साधन घातक होते. ह्या पद्धतीचे एक प्रवर्तक, कॅलिफोर्नियातील प्राध्यापक ओले इव्हार लोवास, ह्यांचा १९८७ सालचा अहवाल प्रसिद्ध आहे. आठवड्यास चाळीस तास शिकविलेल्या एकोणीस बालकांपैकी नऊ सर्वसाधारण शाळेत जाण्यायोग्य झाली, असे त्यांनी लिहिले. तथापि ह्याच प्राध्यापकांनी १९६० नंतरच्या दशकात मुलांवर चपराका आणि विजेचे झटकेही वापरले होते. त्यांच्या पदवीत काही खोट नव्हती. तेव्हा आईबापांनी दोन गोष्टी पाहावयाच्या : एक कागद आणि दुसरे दार.

प्रथम कागद. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली आहे. अपंग व्यक्तींना शिकविणारे विशेष शिक्षक, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ इत्यादींची नावे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असतात आणि प्रत्येकास क्रमांक मिळतो. विशेष शिक्षणाची पदविका दोन वर्षांची असते आणि स्वमग्न मुलांसाठी तिचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. नोंद नसताना असा व्यवसाय करणाऱ्यास ह्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पुढे २०२१ साली आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी दुसरा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात वर्तन-विश्लेषकाचा व्यवसायही नमूद आहे.

काही भिंतींवर अमेरिकन मंडळाची प्रमाणपत्रे दिसतात. त्यांतही पायऱ्या आहेत. सर्वांत खालचा कार्यकर्ता चाळीस तासांचे शिक्षण आणि परीक्षा देऊन तयार होतो. त्याने सदैव वरिष्ठाच्या देखरेखीखालीच काम करावयाचे असते. उपचार आखण्याचा अधिकार असलेल्या विश्लेषकास मात्र पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालील दीड ते दोन हजार तासांचा अनुभव आणि परीक्षा, इतके सर्व लागते. २०२३ च्या आरंभापासून त्या मंडळाने भारतातून नवे अर्ज घेणे बंद केले आहे. पूर्वीच्या प्रमाणपत्रधारकांची नावे मंडळाच्या यादीत कोणासही पाहता येतात. घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून मोबाईलवर पाहून घ्यावे. चाळीस तासांचा कागद भिंतीवर असेल, तर ‘आपल्यावर देखरेख कोणाची?’ हा प्रश्न विचारावयास चुकू नये.

ह्या प्रश्नाचे महत्त्व गोव्यात दिसून आले आहे. तेथे आणि पाकिस्तानात रावळपिंडीस मिळून पासष्ट बालकांवर एक प्रयोग झाला; त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या पदव्या नसलेल्या साध्या आरोग्यसेवकांना नीट शिकवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आईबापांकडे पाठविले होते. सहा महिन्यांत बारा भेटी झाल्या. मूल काय पाहते, काय दाखविते, त्यास कसा प्रतिसाद द्यावा, हे सेवकांनी पालकांस शिकविले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. लहान पदवीचा मनुष्यही शिस्तीत वाढला आणि वरिष्ठांस उत्तरदायी राहिला तर उपयोगी पडतो. आई तेथे दाराबाहेर नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

आता दार. आईस आत बसू न देणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नये. पहिल्या दिवशी एखादे मूल आईस बिलगते, हे खरे. तेव्हा काचेतून पाहू द्यावे, पण पाहू द्यावे. मुलास काय शिकवावयाचे ते लिहून मागावे आणि दर महिन्यास नोंदवही पाहावी. मारणे, कोंडणे, उपाशी ठेवून खाऊचे आमिष दाखविणे ह्यांतले काहीही दिसले तर त्याच क्षणी मूल उचलून आणावे. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरे करतो’ असे कोणी म्हटले तर त्याच्याकडे पाठ फिरवावी. स्वमग्नता हा औषधाने उतरणारा ताप नव्हे. आणि मूल त्या वाटेवर पाऊल टाकावयास भिते आहे असे वाटले, तर ती त्याची साक्ष समजावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीबरोबर त्या केंद्रात गेलो. शिकविणारी मुलगी जेमतेम बावीस वर्षांची होती. आम्ही सौम्यपणे विचारले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. काँप्युटरवर चाळीस तासांचा अभ्यासक्रम केलेला, वर कोणी देखरेखीस नाही, एका तासास दोन दोन मुले, आणि दार लावून घेण्याची मालकांची आज्ञा! ती दुष्ट नव्हती. तिलाही कोणी नीट शिकविले नव्हते आणि तिलाही नोकरी जाण्याचे भय होते. तिच्यावर रागावण्याचे आम्हांस कारण दिसले नाही. मुलास मात्र त्याच दिवशी घरी आणले.

भाची पुन्हा सरकारी रुग्णालयात गेली आणि नोंदणी असलेल्या शिक्षिकेचा पत्ता घेऊन आली. अंतर दूर, म्हणून आता आठवड्यास दोनच दिवस जाणे होते. पण ती आत बसते, पाहते आणि उरलेले पाच दिवस तेच घरी करते. तिने अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी अर्ज केला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात नोंद झाली तर वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास आधार मिळतो आणि त्यात असे उपचारही येतात. आमच्या वाचकांनीही ह्याची चौकशी करावी.

मूल अद्याप बोलत नाही. परंतु गेल्या महिन्यात भाचीने फोनवर सांगितले की तहान लागल्यावर त्याने पाण्याच्या पेल्याचे चित्र तिच्या हातावर आणून ठेवले. “मामा, पाच वर्षांत त्याने माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं,” असे म्हणून ती रडू लागली.

बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या मनुष्यास बरे करताना प्रभूने त्यास गर्दीपासून बाजूस नेले आणि त्यास कळेल अशा खुणांनी, कानास व जिभेस स्पर्श करून, त्याच्याशी व्यवहार केला. २०१४ साली नोव्हेंबरात व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्तींसंबंधी मोठी परिषद भरली, तेव्हा पोप फ्रान्सिस स्वतः अशा मुलांस व त्यांच्या कुटुंबांस भेटले आणि त्यांचे एकटेपण दूर करण्यास त्यांनी सर्वांना सांगितले. आपल्या धर्मग्रामात असे मूल असेल तर त्याच्या आईस एकटीस केंद्राच्या पायऱ्या चढू देऊ नका. तिला इंग्रजी येत नसेल तर ज्यास येते त्याने तिच्याबरोबर जावे, भिंतीवरील कागद वाचून दाखवावा आणि जो प्रश्न विचारावयास ती भिते, तो तिच्या शेजारी उभे राहून आदराने विचारावा.