बोटाची किंमत आणि पात्यावरचे झाकण

मालेगाव म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. त्या खडखडाटाला सुतारकामाचाही आधार आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. साध्या मागाचा धोटा, त्याला फटका देणारी काठी, असे कितीतरी भाग लाकडाचे; शिवाय गावाची दारे, पलंग, कपाटे आहेतच. दोन-चार माणसांच्या ह्या दुकानांत विजेवरची गोल करवत आली. काम झपाट्याने होऊ लागले, आणि त्याच झपाट्याने बोटेही जाऊ लागली. बोट गेले की सगळीकडे एकच वाक्य ऐकू येते : ‘त्याचे लक्ष नव्हते.’

आमचा आक्षेप ह्या वाक्याला आहे. नगावर मजुरी, गेलेल्या विजेने खोळंबलेले काम, डोळ्यांत भुसा. अशा स्थितीत माणसाचे लक्ष ढळणारच. ते ढळले तरी हात शाबूत राहावा, एवढ्यासाठी 1948 च्या कारखाना कायद्याखालील नियमांनी तीन साध्या गोष्टी सांगितल्या होत्या : पात्यावर खालीवर सरकणारे झाकण, पात्याच्या मागे पोलादी पाचर आणि लाकूड पुढे ढकलायला काठी. चिरलेली फळी मिटून पात्याला आवळू लागली की ती उसळून कारागिराच्या अंगावर येते आणि तिच्यावर टेकलेला हात पात्यावर जातो. पाचर फळीला मिटू देत नाही. काठीला तर दमडीही पडत नाही, ती टाकाऊ तुकड्याची होते. मग झाकण काढून कोपऱ्यात का पडते? झाकणाने नग कमी निघतात म्हणून. मालाच्या किमतीत जो खर्च धरायला हवा, तो कामगाराच्या हातावर टाकला जातो, इतकेच ह्याचे अर्थशास्त्र.

आता कायदा पाहा. 1948 च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या जागेत 10 कामगार असले की तो कारखाना ठरे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अंमलात आलेल्या सुरक्षा संहितेत हा आकडा 20 झाला. सुरक्षेची सर्वसाधारण कलमे 10 पासून लागतात. चार माणसांचे दुकान तेव्हाही बाहेर होते, आजही आहे. उलट 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा विजेवर उत्पादन चालणाऱ्या जागेत डोकी मोजत बसत नव्हता. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी 30 टक्के, तर्जनी 14, एका हाताची चारही बोटे 50, असा त्याचा तक्ता. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. म्हणजे बोट तुटल्यावर कायदा दुकानात शिरतो. तुटण्यापूर्वी तो उंबरठ्याबाहेरच उभा. शिरतो तोही कागदावर, कारण हजेरीपटच नसेल तर कामगार म्हणून सिद्ध व्हायचे कसे?

सुरक्षा संहितेतच एक वाट आहे. केंद्र सरकारने एखादे काम धोकादायक म्हणून अधिसूचित केले, तर तिथे कामगारसंख्येची अट उरत नाही. हाताने लाकूड सारायच्या गोल करवतीचे काम असे अधिसूचित व्हावे, ही मागणी साथी निहाल अहमद यांना वारंवार विधानसभेत धाडणाऱ्या ह्या गावातून गेली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी दुकानोदुकानी जाऊन प्रत्येक कारागिराच्या नावाची, मजुरीची आणि पात्यावर झाकण आहे की नाही याची नोंद करावी. भरपाईच्या दाव्यात हीच वही पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल.