वाचलं किती, उतरलं किती?



चातुर्मास जवळ आला की मंदिरात भेटल्यावर एकमेकींना हमखास विचारलं जातं, "यंदा काय वाचणार?" मीही वर्षानुवर्षं उत्साहाने यादी सांगायचे. दुपारची कामं आवरली की हातात पुस्तक असायचंच. मनःशांती, सकारात्मक विचार, थोरांची चरित्रं आणि जोडीला आपले ग्रंथ. कॉमर्स शिकलेली, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय. वाचलेल्या पुस्तकांची नावं वहीत लिहायची आणि वर्षाखेरीस आकडा बघून खूश व्हायची.

एका दुपारी मी वैयावृत्त्यावर, म्हणजे सेवेवर, वाचत बसले होते. आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, जरा पाणी देतेस का?" थोड्या वेळाने पुन्हा हाक. मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "दोन पानं शांतपणे वाचूही देत नाही तुम्ही!" मग पाणी नेऊन दिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. क्षमावाणीला मी त्यांच्या पाया पडले, पण त्या दुपारचं नाव काढायचं धाडस झालं नाही. आज त्या नाहीत. वहीत मात्र ते पुस्तक 'वाचून झालं' म्हणून नोंदलेलं आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा अंतरंग तपं सांगितली आहेत. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. दशलक्षण पर्वात आपण रोज एक अध्याय म्हणतो, तेव्हा हा क्रम तोंडातून जातोच. पण चूक कबूल करणं, नम्र होणं आणि सेवा करणं ही तीन नावं स्वाध्यायाच्या आधी येतात, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

पुढे स्वाध्यायाचेही पाच प्रकार दिले आहेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचन हा त्यातला फक्त पहिला. शंका विचारणं, मनात घोळवणं, शुद्ध पाठ पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसऱ्याला सांगणं, हे बाकीचे चार. आपण पहिल्याच पायरीवर पुस्तकं बदलत राहतो, असं मला वाटतं. पृच्छना तर आपल्या बायकांच्या स्वाध्यायात जवळजवळ नाहीच. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि वेळ झाली की घरी. "मला हे कळलं नाही," असं म्हणायला लाज कसली?

प्रेरणादायी पुस्तकं वाचू नका, असं मी म्हणणार नाही. मन खचलेलं असताना एखाद्या साध्या पुस्तकानेही मला उभं केलं आहे. रोज नवीन काही नसेल तर गोडी टिकत नाही, असं काही जणी म्हणतात, तेही खोटं नाही. पण रोज नव्या भाजीची चव घेत फिरलं आणि पोटभर कुठेच जेवलं नाही, तर अंगी काय लागणार?

म्हणून आता मी थोडं वाचते. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात 150 श्लोक आहेत. रोज एक घेतला तरी पाच महिन्यांत ग्रंथ होतो. सकाळी श्लोक आणि अर्थ वाचायचा, कामं करताना तो मनात घोळवायचा, अडलं तर वहीत लिहून जाणत्यांना विचारायचं. रात्री स्वतःला एकच प्रश्न करायचा, आज राग कुठे आला आणि तो किती वेळ टिकला? जमेची बाजू अजून लहानच आहे. पण हिशेब खरा आहे.

आणि एक नियम घेतला आहे. वाचताना घरातून कुणाचीही हाक आली, की पानात खूण घालून आधी उठायचं. पुस्तक कुठे जात नाही. हाक मारणारं माणूस जातं.

जय जिनेंद्र.