ठाणेदारांचा विजय आणि डिग्ज यांची जागा

‘मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत’ ही बातमी जानेवारी 2023 मध्ये आपण सर्वांनी अभिमानाने पुढे पाठवली. मीही पाठवली. आज तिची दुसरी बाजू.

श्री ठाणेदार यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1955 चा, चिकोडीचा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. पुढच्याच वर्षी तो म्हैसूर राज्यात गेला. ओढगस्तीचे बालपण, मुंबई विद्यापीठ, 1979 मध्ये अमेरिका, तेथे रसायनशास्त्रातील डॉक्टरेट. 1991 मध्ये सेंट लुईसची ‘केमिर’ ही लहानशी प्रयोगशाळा विकत घेऊन त्यांनी ती वाढवली. 2010 मध्ये कर्जापायी सारे गेले. अ‍ॅन आर्बरला ‘अ‍ॅव्होमीन’ उभारून ते पुन्हा श्रीमंत झाले. या जिद्दीबद्दल दुमत नाही.

माझा आक्षेप पुढच्या अध्यायाला आहे. 2018 मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी त्यांनी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत ते तिसरे आले. मग ते डेट्रॉइटला राहायला गेले, 2020 मध्ये राज्याच्या विधानसभेत पोहोचले आणि 2022 मध्ये थेट संसदेच्या लढतीत उतरले.

आता मागे जाऊ. ठाणेदारांच्या जन्माआधी महिनाभर, जानेवारी 1955 मध्ये, चार्ल्स डिग्ज यांनी संसदेत शपथ घेतली. मिशिगनचे ते पहिले कृष्णवर्णीय खासदार. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली. तो खटला ऐकायला डिग्ज स्वतः तेथील न्यायालयात जाऊन बसले. डेट्रॉइट हा त्यांचा मतदारसंघ, मिसिसिपी नव्हे! प्रतिनिधित्व या शब्दाचा अर्थ मला त्या प्रसंगातून कळला.

तेव्हापासून जवळपास सात दशके डेट्रॉइटचा किमान एक खासदार कृष्णवर्णीय होता. 2022 च्या पक्षांतर्गत लढतीत नऊ उमेदवार होते, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय. मते फुटली. स्वतःच्या पैशावर लढणारे ठाणेदार अवघ्या 28 टक्क्यांवर जिंकले आणि ती परंपरा खंडित झाली. यात बेकायदा काही नाही. खुपते तेही हेच.

माझे बदनापूर अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहे. राखीव जागेवरही पैसा चालतोच, हे इथल्या पोराला सांगायला नको. तरी कोणी कितीही श्रीमंत असो, त्या समाजाबाहेरचा उमेदवार इथे अर्जच भरू शकत नाही. आपल्या घटनाकारांनी ही गोष्ट मतांच्या फाटाफुटीवर सोडली नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकशाहीने मात्र डेट्रॉइटला तसे काहीच दिले नाही.

ठाणेदार 2024 मध्येही निवडून आले. पुढच्या वेळी ती बातमी पाठवताना मी खाली डिग्ज यांचे नावही लिहिणार आहे.