खोटा चेहरा आणि खरी चार्जशीट



२८ मे २०२३ रोजी दिल्लीत जंतरमंतरहून नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगीरांना पोलिसांनी उचलले. विनेश फोगट त्या वेळी आपल्याच खात्यात, उत्तर रेल्वेत नोकरीला होत्या. पोलिसांच्या गाडीत बसलेल्या विनेश व संगीता फोगट यांचा फोटो बाहेर आला, त्यात त्यांचे चेहरे गंभीर होते. लागलीच दुसरा फोटो फिरू लागला. गाडी तीच, माणसे तीच, पण सगळे हसताहेत! बजरंग पुनिया यांनी तो फोटो खोटा असल्याचे जाहीर केले, तपासणाऱ्यांनीही तसे दाखवून दिले. पण "बघा, यांचे सगळे नाटक आहे" असे म्हणणाऱ्यांचे काम तोवर साधले होते. आंदोलन बदनाम करायला पूर्वी फितूर शोधावा लागे. आता ओठांचे कोपरे वर उचलले की भागते.

ही झाली खऱ्या चेहऱ्याची मोडतोड. आता तर जन्मालाच न आलेल्या माणसाचा चेहरा संगणक तयार करून देतो. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. यंत्राच्या पोटात काय चालते ते मला कळत नाही, पण कोणाच्या पोटावर पाय येतो ते कळते. हे यंत्र शिकले कशावर? एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी फ्लिकर या संकेतस्थळावरून तुमच्या-आमच्यासारख्यांचे ७० हजार फोटो गोळा केले, त्यावर शिकले. फोटो वापरायला मोकळीक असल्याची नोंद तेथे होती म्हणे. पण चेहरा ज्याचा, त्याला कोणी विचारले नाही की दमडी दिली नाही. हॉलीवूडच्या नटांनी २०२३ साली ११८ दिवस संप केला, त्यात हाही एक मुद्दा होताच.

"नीट पाहा, बोटे मोजा, कान तपासा," असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर २०२२ सालीच मिळाले आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या सोफी नाइटिंगेल व अमेरिकेतील हनी फरीद यांनी लोकांना खरे आणि बनावट चेहरे ओळखायला लावले. शेकडा ४८ उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते! वर बनावट चेहरेच लोकांना जास्त विश्वासू वाटले.

त्याच लँकेस्टर गावात डिसेंबर २०२५ मध्ये रात्री भूकंपाचा धक्का बसला आणि रेल्वेचा कार्लाइल पूल ढासळल्याचा फोटो फिरला. साडेबाराच्या सुमारास रेल्वेला खबर लागली. गाड्या थांबवल्या, पुलाची तपासणी झाली, दोनच्या सुमारास मार्ग खुला झाला. पूल जागच्या जागी होता. ३२ गाड्या रखडल्या. गाड्या थांबवल्या हे योग्यच केले, आपणही तेच करू. पण खोटे चित्र टाकणारा अंथरुणात असतो आणि मध्यरात्री पूल बघायला रेल्वेचा माणूस लागतो, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या दारातली गोष्ट. पेट्रोलमन झोपलेला, गेटमन मोबाईलवर बोलताना, असा फोटो साहेबांच्या व्हॉट्सअपवर येतो. कोणी काढला, कधी काढला, काही पत्ता नाही. न्यायालयात असा पुरावा द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते, त्यात त्या फाईलचा आकडी ठसाही नोंदवावा लागतो. खात्याच्या चौकशीला मात्र पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नाही, असे आपल्याला ऐकवले जाते. म्हणजे चोराला जे संरक्षण, ते गँगमनला नाही! उलट गँगमनने तुंबलेल्या क्वार्टरचा, फाटक्या बुटांचा फोटो पाठवला तर "हा एआयने बनवला" म्हणून तो फाईलबंद करायची सोय साहेबांना आयतीच झाली.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये यंत्रनिर्मित चित्रावर तसे लेबल लावण्याचा नियम केला. चांगले आहे. पण लबाडी करणारा शिक्का मारून थोडाच पाठवणार आहे? (आपल्यातलेही काही जण आला फोटो की ढकल पुढे, हा उद्योग बंद करतील तर बरे.)

म्हणून मागणी साधी आहे. शिस्त व अपील नियम, १९६८ खालील आरोपपत्रासोबत फोटो जोडायचा असेल तर मूळ फाईल द्या, काढणाऱ्याचे नाव द्या आणि त्याला साक्षीदार म्हणून उलटतपासणीला उभे करा. नुसत्या फोटोवर कोणाला निलंबित करू नका. फोटो खोटा आहे हे सिद्ध करण्याचा बोजा कामगारावर नको. कामगाराने तक्रारीसोबत फोटो दिला, तर तो नाकारण्याआधी जागेवर येऊन पाहणी करा आणि तसे लेखी कळवा.

चौकशीत बचाव सहाय्यक म्हणून बसणाऱ्या साथींनी पहिल्याच तारखेला मूळ फाईल लेखी मागावी, पोच घ्यावी. शाखांनी येत्या सर्वसाधारण सभेत वरील ठराव मंजूर करून त्याची एक प्रत विभागीय कार्यालयाला व एक फेडरेशनकडे पाठवावी.