रेशनची रांग फक्त ‘त्यांची’ नाही

‘फुकटचं धान्य देऊन लोकांना आळशी करून ठेवलंय!’ भिशीत, हळदीकुंकवाला, एसटीच्या थांब्यावर हे वाक्य हल्ली हमखास कानावर येतं. मैत्रिणींनो, एकदा आपल्या स्वयंपाकघरातच याचा हिशेब करून पाहू या. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. सगळा गहू धरला तरी त्यात मध्यम आकाराच्या पाच-सहा पोळ्या होतात, त्याही दोन्ही वेळच्या मिळून. डाळ, तेल, भाजीचं ज्याचं त्यानं बघायचं. एवढ्यावर कोण आळशी होणार हो?

शिवाय हे धान्य कुणी उदार होऊन दिलेलं नाही. त्यासाठी लोकांना भांडावं लागलं, आणि त्या भांडणात बायका पुढे होत्या. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली. धान्य, तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणालताई गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर यांचे पक्ष वेगळे, विचार वेगळे. पण चुलीच्या प्रश्नावर दोघी एकत्र आल्या. कामगार वस्तीतल्या बायका आणि मध्यमवर्गीय गृहिणी लाटणी घेऊन एकाच मोर्चात चालल्या. तुझी जात कोणती, तुझा नवरा काय करतो, हे विचारत बसल्या असत्या तर तो मोर्चा निघालाच नसता.

पुढे २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं मात्र धान्यानं भरलेली होती. पीयूसीएल या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या लढ्याभोवती वकील, अर्थतज्ज्ञ, शेतमजूर, महिला संघटना असे नाना तऱ्हेचे लोक जोडले गेले. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. अशा प्रयत्नांतूनच २०१३ चा कायदा आला. त्यात आपल्यासाठी एक मोलाची गोष्ट आहे : घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मानली जाते. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य आहे आणि जानेवारी २०२३ पासून हे सगळं धान्य मोफत आहे.

मग आता अडतं कुठं? दुकानाच्या दारात. जन्मभर धुणीभांडी केलेल्या म्हाताऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजतात, मशीनवर अंगठा उमटत नाही. ‘उद्या या’ म्हटलं की तिचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. खरं तर अंगठा जुळला नाही म्हणून हक्काच्या माणसाला धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या २०१७ पासून सूचना आहेत. पण त्या तिला सांगणार कोण? कुणाला किलो-दोन किलो कमी मिळतं, कुणाला पावती मिळत नाही. एकटी बाई बोलली की ‘जास्त शहाणी आहे’ म्हणून तिला गप्प करतात. दुकानदाराशी वाकडं घेऊन पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं ना तिला!

आणि इथंच ज्यांना रेशनची गरज नाही त्यांची गरज आहे, असं माझं मत आहे. कामाला जाता जाता मी पाहते, एकीकडे नसतं ते दुसरीकडे असतं. वस्तीवरच्या बाईला माल कधी आला, किती आला, किती वाटला हे पक्कं ठाऊक असतं. शिकलेल्या बाईला अर्ज लिहिता येतो, त्याची पोच मागता येते, तहसील कचेरीत खुर्चीवर बसून बोलता येतं. मोहल्ल्यातली, बौद्धवाड्यातली, पेठेतली, कॉलनीतली अशा चौघी-पाचजणी मिळून दुकानात गेल्या, तर दर आणि साठ्याचा फलक आपोआप पुसून स्वच्छ होतो! या कायद्यात दक्षता समिती आहे, तक्रारीसाठी जिल्ह्याला अधिकारी आहे, वर राज्य अन्न आयोग आहे. पण कायदा कागदावरून हलवायला माणसंच लागतात.

यात उपकाराची भाषा मात्र नको. ‘आम्ही तुमच्यासाठी आलो’ म्हटलं की दुरावा आलाच. पुढारपण रांगेतल्या बाईकडे असावं, आपण तिच्या शेजारी उभं राहावं.

आपल्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींना या आठवड्यात एवढंच विचारा : ‘या महिन्याचं धान्य पुरतं मिळालं का? पावती मिळाली का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढच्या वेळी दोघी मिळून दुकानात जा. जाताना आणखी एका शेजारणीलाही सोबत घ्या.